दीर्घिकेच्या बांधावर, मुक्काम डोंगरकडा

दुर्बिणीवर काम करतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच डोंगर, कडाक्याची थंडी आणि कानटोपी घातलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. आमच्या दुर्बिणीपाशी कुणालाच जाता येत नाही. ती पृथ्वीभोवती फिरत असते आणि तिने काय पाहायचं ते आम्ही खुर्चीत बसून कळवतो. त्यामुळे सगळी नोकरी आकाशात घालवूनही लिहिण्याजोगा प्रवास माझ्या वाट्याला आला नव्हता. जो एक आला तो हिंगोली जिल्ह्यातला. सहकारी परिषदांना कुठे कुठे जाऊन येतात आणि वर्षभर फोटो दाखवून पिडतात. मी डोंगरकड्याला जाऊन आलो आणि फोटो काढायचं राहून गेलं.

आधी थोडं दुर्बिणीबद्दल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आकाशातून येणारे क्ष-किरण आपल्या हवेत अडतात. बरंच आहे म्हणा, नाहीतर आपण केव्हाच भाजून निघालो असतो. पण मग ते पाहायचे तर दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. अशा दुर्बिणी मोजक्या आणि पाहायला टपलेले जगभर. म्हणून अर्ज मागवतात, जाणकार मंडळी ते वाचतात आणि बहुतेकांना नकार कळवतात. मला स्वतःला इतके नकार आलेत की आता ते वाचताना चहासुद्धा थांबत नाही. माझी विद्यार्थिनी वंदना हिला मात्र पहिल्याच अर्जाला होकार आला. पुण्याच्या आमच्या संस्थेत पेढे वाटले गेले आणि ते मला आणावे लागले.

तिची दीर्घिका सप्तर्षींच्या अंगाला आहे. तिच्या पोटात इतक्या झपाट्याने तारे जन्मतात की आमच्यात तिला स्टारबर्स्ट म्हणतात. त्यातले थोराड तारे लवकर फुटतात, आणि त्या फुटण्याने तापलेला वायू दीर्घिकेच्या वर आणि खाली फवाऱ्यासारखा उडतो. तो दिसतो क्ष-किरणांत. हा फवारा नेमका कुठवर पोचतो ते वंदनाला पाहायचं होतं. ठरल्या दिवशी दुर्बीण वळली, पाहून झालं आणि माहिती आमच्या संगणकावर आली. दुर्बीण पाहत होती तेव्हा वंदना मेसमध्ये जेवत होती आणि मी दाताच्या डॉक्टरकडे आ करून बसलो होतो. आमचं निरीक्षण हे असं असतं.

आता आमच्या धंद्यातला एक रिवाज सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आलेली माहिती एक वर्ष फक्त अर्जदाराची. वर्ष भरलं की ती साऱ्या जगाला खुली. ज्याला हवी त्याने घ्यावी, शोध लावावा, स्वतःच्या नावाने छापावा. त्यात चोरी नाही, कुणी नावंही ठेवत नाही.

वंदनाचं वर्ष सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत तिच्या वडिलांना रस्त्यात जीपने उडवलं. मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता, ते मागच्या मेंढ्यांना हाकायला वळले आणि जीप आली. मांडीचं हाड मोडलं. वंदना गावाकडे गेली ती "आठवड्यात येते सर" असं सांगून. वर्ष निम्म्याहून पुढे सरकलं तरी तिचा पत्ता नाही. शेवटी मीच उठलो. तिला घेऊन यायचं हा पहिला इरादा. ती येत नसेल तर माहिती माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला द्यायला तिची परवानगी घ्यायची, म्हणजे निदान संस्थेतच राहील, हा दुसरा. तिची चार वर्षांची मेहनत आणि डॉक्टरेट त्या एका माहितीवर उभी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आखाडा बाळापूर

नांदेडहून निघालेल्या एसटीत मला डुलकी लागली आणि डोंगरकडा मागे गेलं. "उठवतो" म्हणाला होता तो कंडक्टर तिकिटांचा हिशेब लावण्यात गर्क होता. मी जागा झालो तो आखाडा बाळापुरात. मार्च लागला होता, सकाळीच ऊन कपाळात शिरत होतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. त्यांनी न विचारता माझ्यापुढे सुशीला ठेवली.

सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे. वर शेंगदाण्याचं कूट आणि डाळव्याचं पीठ. पुण्यात मुरमुरे भिजले तर आम्ही फेकून देतो. इथे ते मुद्दाम भिजवतात आणि, नाइलाजाने कबूल करतो, पोह्यांपेक्षा बरे लागतात. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा चाचांचा चेहरा खुलला.

"कुठं जायाचं साहेब?"

"डोंगरकड्याला. झोप लागली, पुढे आलो."

"अरे अरे, लई तकलीफ झाली की तुमाला. कुनाकडं?"

"मारोतीआबा म्हणून आहेत. मेंढ्या आहेत त्यांच्या. मुलगी पुण्याला शिकते."

"असं म्हना की! वंदीचे मास्तर हाव व्हय तुमी?" चाचांनी चहा स्वतः आणून ठेवला. "आबाला ह्याच रोडवर उडवलं बघा, त्या पुलाच्या अलीकडं. आमीच उचललं, दवाखान्यात नेलं. बेशुद्ध व्हायच्या आधी मानूस काय म्हनला म्हाईत हाय? मेंढरं मोजा म्हनला."

चाचांनी मला एका काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर कोंबलं. त्या सीटवर ड्रायव्हर धरून आधीच चौघे होते. गिअर माझ्या गुडघ्यांच्या मधे आला आणि दर चढावाला ड्रायव्हर "जरा सरका मामा" म्हणत राहिला. सरकायचं कुठे ते त्याने सांगितलं नाही.

डोंगरकडा

गावाला हळद लागली होती. शिवारात जागोजाग हळद शिजत होती, खळ्यांवर वाळत घातली होती, वाफेचा उग्र वास सगळीकडे भरून राहिला होता. माझा पांढरा शर्ट तासाभरात पिवळट झाला. तो अजून तसाच आहे.

वंदनाचं घर गावाच्या कडेला. अंगणात लिंबाखाली बाज आणि बाजेवर आबा. उंच, काटक माणूस, डोक्याला लाल पटका, एक पाय उशीवर ठेवलेला.

"या सर, या. उठून रामराम करता येईना, माफी असावी."

पुण्याहून येताना मी एक भाषण तयार केलं होतं. मुलींचं शिक्षण, बापाचं कर्तव्य, बदलता काळ, सगळं त्यात होतं. वंदना पाण्याला गेली होती. ही संधी साधून मी सुरुवात केली. आबांनी दोन-तीन वाक्यं नीट ऐकून घेतली.

"सर, हे मला काहून सांगून राहिले? मीच तिला रोज म्हनतो, जाय बाई तुझ्या कामाला. ऐकती का? डोस्कं फिरलंय तिचं. तुमीच सांगा आता, तुमचं बी लेकरूच हाय ते."

माझं भाषण तिथेच बसलं. बाप अडवत असणार, हे मी पुण्यातच ठरवून आलो होतो. मला इतर कारण सुचलंच नव्हतं.

एवढ्यात वंदना दोन घागरी घेऊन आली. मला पाहून दचकली. "सर! कळवायचं तरी," असं माझ्याशी पुण्यातल्या मराठीत बोलली आणि वळून, "आय, च्या ठिव गं," असं आईशी. दोन्ही बोलणी तिच्या तोंडी अगदी सहज बसली होती. चहा शेळीच्या दुधाचा होता. मी जरा बिचकत घेतला, पण बिचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. जेवायला ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. वंदनाची आई दर घासाला "काहीच खाल्लं न्हाई" म्हणत होती आणि मी खातच होतो.

दुपारी मी लॅपटॉप उघडला. लाईट नव्हती, असायची वेळही नव्हती, पण बॅटरी भरून आणली होती. शेजारपाजारचे जमले. पडद्यावर दीर्घिकेचं चित्र आलं. म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके, मधे दाट, कडेला विरळ.

"ह्येच व्हय?" वंदनाच्या आईने निरखून पाहिलं. "खसखस सांडल्यावानी दिसून राहिलं."

"त्या खसखशीवरच आमची पोटं चालतात," मी म्हटलं.

"हे बगायला तुमी वर गेलते?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग वंदी?"

"तीही नाही. दुर्बिणीने पाहिलं."

"आन् तुमी काय केलं?"

"दुर्बिणीला सांगितलं, इकडे बघ."

आबांनी मान हलवली. "लई सोपं हाय की मंग." सगळे हसले. वंदनाही हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. पण चित्राकडे तिने एकदा पाहिलं आणि उठून भांडी घासायला गेली.

लोक पांगल्यावर मी आबांना वर्षाचं गणित सांगितलं. त्यांना ते माझ्या सहकाऱ्यांच्या बायकांपेक्षा लवकर समजलं.

"म्हंजी पीक उभं हाय तवर धन्याचं. निघालं की रान मोकळं. कुनाची बी मेंढरं शिरावीत."

"अगदी बरोबर."

"आन् धनी पडला आजारी, पीक निघालंच न्हाई, तरी बी वरीस भरलं की मोकळं?"

"तरी मोकळं."

"हे काय बराबर न्हाई." आबांनी पायाखालची उशी सारखी केली. "बांधावर कोन कोन उभं हाय?"

मी सांगितलं. जपानचे आहेत, युरोपातले आहेत, अमेरिकेतले तर आहेतच.

"आन् पुन्याचं?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. माझा आणखी एक विद्यार्थी आहे, वंदना येणारच नसेल तर तिच्या परवानगीने त्याला द्यावं असा विचार आहे, हे मी सांगून टाकलं.

"म्हंजी तुमी बी बांधावरच हाईत की," आबा म्हणाले. रागाने नाही, टोमणाही नव्हता. कोण कुठे उभं आहे ते त्यांनी फक्त मोजून घेतलं. मला मात्र ते झोंबलं. मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी वाचवायची म्हणून.

जवळा बाजार

दुसऱ्या दिवशी वंदना तिच्या थोरल्या भावाला, सोपानला, पीठ-मीठ पोचवायला निघाली. कळप तेव्हा जवळा बाजारच्या शिवारात होता. मीही बरोबर निघालो. जवळ्यात आठवडी बाजार भरला होता. मंडईत मी सहज एका वांग्याला हात लावला, तर विकणाऱ्या बाईने अर्धा किलो माझ्या पिशवीत ओतलीच. ती वांगी मी दिवसभर वागवली.

ह्या लोकांची कामाची एक रीत आहे. शेतातलं पीक निघालं की शेतकरी मेंढ्या बोलावतो, त्या काही रात्री त्याच्या रानात बसवायच्या. मेंढ्यांना चारा, रानाला खत, मेंढपाळाला धान्य. कुणाच्या रानात केव्हा, ते आधीच शब्दावर ठरलेलं असतं. आबांनी ह्या हंगामाचे शब्द अपघाताच्या आधीच देऊन ठेवले होते. ते सगळे आता वंदना गावोगाव फिरून निभावत होती. सोपान कळप सोडून हलू शकत नव्हता.

कळप एका माळावर उभा होता. चरायला फारसं काही नव्हतं, मेंढ्या नुसत्या ओरडत होत्या. बांधापलीकडे हरभऱ्याचं रान. हरभरा उपटून मधे ढीग लावलेला आणि बाकी सगळं रान मोकळं, गळलेल्या पाल्याने आणि गवताने भरलेलं.

"आत का घालत नाहीस?" मी सोपानला विचारलं.

"रहीमकाकाचं रान हाय. मळनी राहिली. काकाचं पोटाचं ऑपरेशन झालं नांदीडला."

"पण ढीग तर मधे आहे. कडेकडेने चरतील की."

"धनी घरी न्हाई ना, सर."

एवढंच. माळाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका धनगराचा कळप होता. त्याचाही शब्द रहीमकाकांकडे लागलेला, तोही थांबलेला. मला हे निव्वळ खुळेपणाचं वाटलं आणि मी तसं बोललोही. सोपान हसला आणि पीठ मोजायला लागला.

परतताना बांधावर वंदना थांबली.

"सर, तुम्ही मागायला आलात ना? आबांनी सांगितलं."

"न्यायला आलो आहे. येत नसशील तर मागायला."

"मी नाही येत. पावसाळ्यापर्यंत तरी नाही."

मग माझा तोल गेला. चार वर्षांची मेहनत, हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट, वरचा फवारा तूच पहिल्यांदा इतका स्पष्ट पकडलास, आणि आता मेंढ्या राखत बसणार? असं बरंच काही मी मोठ्याने बोललो. मेंढ्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा रस्त्यात पडले तेव्हा मी खोलीत बसून ठिपके मोजत होते सर. आईने गावातून फोन लावला, तो संस्थेत घेतला, आणि कुणीतरी चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती मी वाचली तेव्हा आबांना दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते. त्या दीर्घिकेचा उजेड निघून कोट वर्षं झाली. त्यात माझं एक वर्ष गेलं तर तिचं काय बिघडणार आहे?"

"तिचं नाही बिघडणार. तुझं बिघडेल."

"बिघडू द्या," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. ती लपवायला वळलीसुद्धा नाही. "मला काय वाईट वाटत नाही का सर? रोज रात्री सप्तर्षी वर येतात, मी वर बघतच नाही."

वांग्यांची पिशवी मी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग विचारलं, "मग त्या मुलाला देऊ?"

"नको," तिने डोळे पुसले. "वर्ष भरेपर्यंत माझं आहे. मग सगळ्यांचंच. तेव्हा घ्या, मला विचारायला नको."

डोंगरकड्याहून निघताना आबांनी माझा हात धरला. "तिला मी लावून देतो सर. पाय टेकू द्या एकदा." वंदनाच्या आईने भाकऱ्या आणि हळदीची पुडी बांधून दिली. मी ज्या दोन कामांसाठी आलो होतो त्यातलं एकही झालं नव्हतं. एसटीत बसलो आणि ह्या वेळी झोप लागली नाही.

पुणे

वर्ष भरलं त्या सकाळी माझा तो दुसरा विद्यार्थी दारात उभा. हुशार मुलगा, दोष त्याचा काहीच नाही. "सर, खुलं झालं. सुरू करू?"

"थांब," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"ते मलाही माहीत नाही."

सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. एकाने तर तोंडावर विचारलं, की तू थांबलास म्हणून जपानी थांबणार आहेत का? त्याचं बरोबर होतं. जपानी थांबले नाहीत, पण त्यांच्याही आधी युरोपातल्या एका गटाने शोधनिबंध काढला. तोच फवारा, तीच दीर्घिका, वंदनाचीच माहिती. तळाला बारीक अक्षरात एवढंच, की निरीक्षण दुर्बिणीच्या खुल्या साठ्यातून घेतलं आहे. मी तो दोनदा वाचला. मग त्याची प्रत काढून पोस्टाने डोंगरकड्याला पाठवली. न पाठवणं मला भित्रेपणाचं वाटलं.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, एसटीडी बूथमधून बोलत असावी.

"सर, वंदना. निबंध वाचला."

"हं."

"चांगला आहे. वरच्या फवाऱ्याबद्दल बरोबर लिहिलंय त्यांनी. माझंही तेच आलं असतं."

मी निबंधाची माझी प्रत पुढे ओढली.

"पण खालचा फवारा त्यांनी अर्ध्यावर तोडलाय, सर. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याच्या शेजारच्या पट्टीवर सांडलेला भाग घेतलाच नाही. तो जुळवायला कटकट असते, म्हणून सोडून दिला असणार. मी दुर्बीण मुद्दाम थोडी तिरकी मागितली होती ती त्याच्याचसाठी. तेवढं अजून कुणी बघितलेलं नाही." ती एका दमात बोलत होती. "आबा काठीने चालायला लागले. सोमवारी येते."

"ये," मी म्हणालो.

बूथवाला मागून काहीतरी ओरडला. ती फोन ठेवील असं वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"सर, तुमच्या त्या मुलाने घेतली का माहिती? वर्ष तर केव्हाच भरलं."

"नाही. मी घेऊ दिली नाही."

"काहून?"

"तुझं होतं म्हणून," मी म्हणालो.